परदेशी स्वयंपाक शिकायला जाताना : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

प्रश्न : थायलंडमध्ये चियांग माईला चार दिवस मुक्काम आहे. अर्ध्या दिवसाचे स्वयंपाकाचे वर्ग तिथे ढिगाने आहेत आणि सगळ्यांच्या जाहिराती सारख्याच : बाजारफेरी, पाच-सहा पदार्थ, शेवटी पाककृतींची पुस्तिका. त्यातून निवडायचा कसा?

पदार्थांचा आकडा जितका मोठा, तितकं जास्त सावध राहा. चार-पाच तासांच्या वर्गातून जाणं-येणं, बाजारफेरी आणि जेवण वजा केलं की शेगडीपाशी जेमतेम दोन-अडीच तास उरतात. एवढ्या वेळात सहा पदार्थ उरकायचे म्हणजे भाज्या आधीच चिरलेल्या, वाटणं आधीच तयार. तुमच्या हाती उरतं ते वाटीतलं कढईत ओतणं. तीन पदार्थांचा वर्ग बहुधा जास्त शिकवून जातो.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लिहून विचारा. एका शिक्षकामागे किती जण असतात? आठ-दहापेक्षा जास्त असतील तर ते प्रात्यक्षिक बघणं झालं. प्रत्येकाला वेगळी शेगडी आणि वेगळा खलबत्ता मिळतो का? आणि सर्वांत महत्त्वाचं, करीचं वाटण आपण स्वतः करायचं की ते तयार मिळतं? या तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर पुढचा वर्ग बघा.

बाजार बघायचा असेल तर सकाळचाच वर्ग घ्या. दुपारपर्यंत भाजी-मासळीचे बरेच गाळे आवरलेले असतात. शहराबाहेर शेतावर वर्ग असेल तर कुलंजन, मकरूत लिंबाची पानं, तीन-चार जातींची तुळस झाडावर दिसते, पण प्रवासात वेळ जातो.

तिथल्या बऱ्याच वर्गांत प्रत्येकाला यादीतून आपापले पदार्थ निवडू देतात. ऐकायला छान वाटतं, पण दहा जणांनी दहा पदार्थ निवडले की शिक्षक नुसता धावत राहतो. दोघं जात असाल तर एकच करी निवडा. स्प्रिंग रोल कुठेही शिकता येतात. चियांग माईत आहात तर खाव सोय करून बघा : नारळाच्या दुधातला करीचा रस्सा, त्यात अंड्याच्या नूडल्स, वर तळलेल्या कुरकुरीत नूडल्स, सोबत मोहरीच्या पाल्याचं लोणचं, कच्चे छोटे कांदे आणि लिंबू.

प्रश्न : वर्गात थाय हिरव्या करीला छान तेल सुटलं होतं. घरी तीच कृती केली तर करी पातळ आणि कच्चट लागते. काय चुकतं?

दोन ठिकाणी चुकत असावं : दूध आणि वाटण.

डब्यातल्या किंवा खोक्यातल्या नारळाच्या दुधात बऱ्याचदा ग्वार गमसारखे घटक घालतात. स्निग्धांश आणि पाणी वेगळं होऊ नये हेच त्यांचं काम. नेमकं तेच वेगळं व्हावं म्हणून तुम्ही शेगडीपाशी उभे असता. लेबलावर फक्त नारळ आणि पाणी लिहिलेलं दूध घ्या. डबा हलवू नका. वर जमलेली घट्ट साय तेवढी चमच्याने काढा. ४०० मिलिलिटरच्या डब्यातून साधारण १०० ते १५० मिलिलिटर निघते. ओला नारळ वापरत असाल तर अगदी थोड्या कोमट पाण्यात पिळलेलं पहिलं दूध घ्या.

ही साय मध्यम आचेवर पाच ते आठ मिनिटं ढवळत आटवा. पाणी उडालं की बुडबुड्यांचा आवाज बदलतो, थोडं चरचरल्यासारखं होतं आणि कडेला तेल दिसतं. आता तीन-चार मोठे चमचे वाटण घालून तीन-चार मिनिटं परता. लसणाचा कच्चा वास गेला आणि तेलाला रंग आला, की मगच उरलेलं दूध घाला. तेल सुटायचं नावच घेत नसेल तर वास नसलेलं तेल दीड चमचा घाला. थायलंडमध्येही ही युक्ती चालते. नाम प्ला (मासळीचं आंबवलेलं खारट पाणी) आणि ताडगूळ त्यानंतर, तुळस आच बंद केल्यावर.

आता वाटण. मिक्सरमध्ये पाते फिरावे म्हणून आपण पाणी घालतो, आणि ते पाणी उडेपर्यंत वाटण परतलं न जाता शिजत बसतं. पाण्याऐवजी नारळाची साय घाला. खलबत्ता असेल तर क्रम पाळा. आधी भाजलेले धणे, जिरे, मिरी कोरडे कुटून बाजूला काढा. मग मिरच्या आणि खडे मीठ. मीठ खरखरीत असल्याने साल लवकर चिरडलं जातं. त्यानंतर गवती चहाच्या दांड्याचा खालचा कोवळा भाग, कुलंजन, मकरूत लिंबाची साल, कोथिंबिरीची मुळं. ओलसर लसूण आणि छोटे कांदे त्यांच्यामागून, कारण ते आधी घातले तर बाकीचं निसटत राहतं. कुटलेला मसाला आणि कोळंबीची आंबवलेली चटणी, म्हणजे कापी, अगदी शेवटी.

प्रश्न : इस्तंबूलला खाद्यफेरी पहिल्या दिवशी घ्यावी की शेवटच्या?

पहिल्या किंवा दुसऱ्या. कुठल्या गाळ्यावर पुन्हा यायचं ते तेव्हाच कळतं, आणि परत यायला दिवस हाताशी असतात. आशियाई बाजूच्या कादिकोयचा बाजार ज्या फेरीत आहे तिला आम्ही झुकतं माप देऊ. फेरीबोटीने जाता येतं आणि रोजची खरेदी करणारे गावकरी भेटतात. ग्रँड बाजार रविवारी बंद असतो. नाश्ता टाळा, आणि पहिल्या दोन थांब्यांवर पोट भरू नका. सगळ्यांची तिथेच फसगत होते.

प्रश्न : मेक्सिकोत वाहाकाला टॉर्टिया, म्हणजे तिथल्या पातळ भाकऱ्या, शिकलो. घरी मक्याच्या पिठाच्या करायला गेलो तर कडा फाटतात, उचलताना तुकडे पडतात.

साध्या मक्याच्या पिठाच्या तशा टॉर्टिया होणारच नाहीत. तिथला मका चुन्याच्या पाण्यात शिजवलेला असतो. चुन्याने दाण्याचं साल सुटतं, पीठ एकमेकांना धरतं आणि मक्यातलं नायसिन (एक ब जीवनसत्त्व) शरीराला मिळू शकतं.

एक किलो सुक्या मक्याला १० ग्रॅम खाण्याचा चुना आणि अडीच-तीन लिटर पाणी घ्या. स्वीट कॉर्न चालत नाही. मंद आचेवर ३० ते ४५ मिनिटं शिजवा आणि त्याच पाण्यात आठ ते बारा तास राहू द्या. दाणा बोटांत चोळल्यावर साल निसटलं की झालं. धुऊन ओलंच बारीक वाटा. एवढा खटाटोप नको असेल तर मासा आरिना नावाचं तयार पीठ आणा; त्यात ही प्रक्रिया आधीच झालेली असते. २५० ग्रॅमला साधारण ३५० मिलिलिटर कोमट पाणी लागतं. मळून २० मिनिटं ओल्या फडक्याखाली झाका. गोळी दाबल्यावर कडेला भेगा दिसल्या तर पाणी कमी आहे, हाताला चिकटली तर जास्त. तवा चांगला तापलेला हवा. पहिली बाजू २०-३० सेकंद, उलटून मिनिटभर, पुन्हा उलटली की फुगते.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. ‘शाकाहारी चालेल’ असं लिहिलेल्या वर्गावर भरवसा ठेवावा का?

मांस नसणं आणि शाकाहारी असणं यांत बरंच अंतर असतं. थायलंड आणि व्हिएतनाममध्ये मासळीचं आंबवलेलं पाणी, जपानमध्ये कात्सुओबुशीचा (सुकवलेल्या मासळीचा) दाशी नावाचा रस्सा, मेक्सिकोत डुकराच्या चरबीत परतलेल्या घेवड्याच्या बिया, इटलीत पार्मिजानो चीझमधलं वासराच्या पोटातलं, दूध साकळवणारं रेनेट. म्हणून ‘मांस नको’ असं मोघम न सांगता नको असलेल्या घटकाचं नाव घेऊन विचारा, आणि त्याऐवजी काय वापराल हेही विचारा. जाणकार शिक्षक लगेच सांगतो. उत्तर थायलंडमध्ये कापीऐवजी आंबवलेल्या सोयाबीनच्या चकत्या, तुआ नाव, घालता येतात. जपानमध्ये कोंबू या समुद्री शेवाळाचा दाशी होतो : एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कोंबू रात्रभर, आणि पाणी उकळण्याआधी कोंबू बाहेर, नाहीतर चिकट-कडसर होतं.

थायलंडमध्ये ‘जे’ म्हटलं की लसूण-कांदाही जातो, अंडं आणि दूधही. तेवढं कडक नको असेल तर तो शब्द वापरू नका. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर प्रश्नच वेगळा. एकाच खलबत्त्यात आणि एकाच तेलात सगळ्यांचं चालतं. स्थानिक भाषेत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा, आणि खात्री पटली नाही तर वर्ग सोडा.

प्रश्न : येताना काय आणता येतं?

सुकी मिरची, अख्खे मसाले, पाकीटबंद पिठं सहसा अडत नाहीत, तरी परतण्याच्या देशाचा नियम आधी वाचा. ताजी पानं, बिया, मांस, दूध-चीझ यांवर बहुतेक ठिकाणी बंधनं आहेत. अमेरिकेत लिंबूवर्गीय झाडांची ताजी पानं अडवतात, आणि ऑस्ट्रेलियात खाण्याची वस्तू न सांगता नेली तर दंड होतो. करीचं वाटण विमानतळावर द्रव पदार्थात मोजलं जातं, त्यामुळे १०० मिलिलिटरवरची बाटली हातातल्या सामानात ठेवू नका. सुऱ्या आणि दगडी खलबत्ता चेक-इन बॅगेतच.

मोरोक्कोहून ताजीन, म्हणजे उंच झाकणाचं मातीचं भांडं, आणणार असाल तर रंगीत नक्षीचं वाढण्यापुरतं समजा, कारण झिलईत शिसं असू शकतं. रांधायला साधं, झिलई नसलेलं घ्या. वापरण्याआधी रात्रभर पाण्यात बुडवा, पूर्ण वाळवा, आतून तेल लावा. गॅसवर ठेवताना खाली धातूची जाड चकती आणि मंद आच. तापलेल्या ताजीनमध्ये पाणी घालायची वेळ आलीच, तर गरम पाणी घाला. गार पाण्याने ते तडकतं.