वाचकांचे प्रश्न : हँडलची काच, बटणाची काच आणि व्हेरियंटचा हिशेब

प्रश्न : पहिलीच गाडी घेतोय. बेस व्हेरियंट सव्वापाच लाखांचा आहे, काचा हँडलने फिरवायच्या. पुढचा व्हेरियंट ६२,००० रुपयांनी महाग. त्यात पुढच्या दोन पॉवर विंडो, सेंट्रल लॉकिंग, म्युझिक सिस्टम आणि व्हील कव्हर मिळतात. शोरूमवाला म्हणतो वरचा घ्या, मित्र म्हणतात बाहेरून बसवून घे. काय करू? (कळवा, ठाणे)

उत्तर : तुम्ही दिलेल्या यादीतली एकही गोष्ट अशी नाही, जी नंतर बसवता येत नाही. निर्णयाची कसोटी तीच ठेवा. एअरबॅग, ईएससी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा), मागच्या काचेचा डिफॉगर (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारा), उंची बदलणारी ड्रायव्हर सीट या गोष्टी गाडीच्या सांगाड्यात, वायरिंगमध्ये किंवा काचेत कंपनीतच घातलेल्या असतात. बाहेर त्या नीट होत नाहीत किंवा होतच नाहीत. वरच्या व्हेरियंटमध्ये यातलं काही असतं, तर आम्ही डोळे झाकून तो घ्या म्हटलं असतं. बेस म्हणजे अगदी उघडीबोडकी गाडी, हा समजही आता जुना झाला. पुढच्या दोन्ही एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), मागचे पार्किंग सेन्सर, सीटबेल्टची आठवण आणि वेगाचा इशारा हे कायद्यानेच प्रत्येक गाडीत द्यावं लागतं.

आता पैशांचं. ६२,००० हा आकडा शोरूमचा आहे, रस्त्यावरचा नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के वाहन कर लागतो. म्हणजे या फरकावर आणखी ६,८२० रुपये, वर विम्याचा थोडा वाढीव हप्ता. (ज्यांचं बजेट १० लाखांच्या आसपास आहे त्यांनी जास्त सावध राहावं. १० लाख ओलांडले की संपूर्ण किमतीवर १२ टक्के लागतात. ९,९०,००० च्या गाडीला १,०८,९०० रुपये कर आणि १०,१०,००० च्या गाडीला १,२१,२००. वीस हजारांच्या फीचरला बारा हजारांचा नुसता कर!)

आमचं मत : बेस घ्या आणि फक्त पुढच्या दोन दरवाजांना पॉवर विंडो बसवा. हँडलची खरी अडचण एकच, ड्रायव्हरचा हात डाव्या काचेपर्यंत पोचत नाही. पावसात काचा धुकटल्या की ती सगळ्यात जास्त जाणवते. टोलनाक्याची सबब आता उरलेली नाही. ऐरोली, वाशी, मुलुंडला हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद झाला. मागच्या काचांना हँडल असलं तर काहीही बिघडत नाही.

बसवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला युनिव्हर्सल किट : हँडल जिथे बसतं त्या दातेरी दांड्यावरच मोटर बसते, काच वर-खाली करणारी आतली जुनी मशीन तशीच राहते. स्वस्त, पण आवाज थोडा जास्त. दुसरा मार्ग, त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटची मोटरसकट मशीन, स्विच आणि डोअर पॅड (दरवाजाचं आतलं आवरण) घेणं. हा महाग पडतो, पण पुढे पार्ट मिळायची चिंता नाही. आधी एका दरवाजाचं पॅड काढून विंडोच्या वायरी आणि कपलर (वायरी जोडायचे प्लग) आहेत का ते बघायला सांगा. काही मॉडेलमध्ये बेसलाही वायरिंग दिलेलं असतं, काहींत नसतं.

वायरमनसमोर उभं राहून चार गोष्टी बघा. मोटरचा करंट थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळच्या स्वतंत्र फ्यूजमधून आणि इग्निशनवर चालणाऱ्या रिलेमार्फत (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्यावा. म्युझिक सिस्टमच्या किंवा लायटरच्या वायरीला जोड मारू देऊ नका, ती वायर तेवढ्या करंटसाठी नसते. दरवाजा आणि खांब यांच्यामधली वायर घडीच्या रबरातूनच जायला हवी. पत्र्याला भोक पाडून तशीच ओढली तर धारेवर इन्सुलेशन कापलं जातं. वायरीला ढील ठेवून दरवाजा पूर्ण उघडून बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पॅडच्या मागे चिकटवलेली प्लास्टिकची शीट. दरवाजात पाणी शिरतंच, काचेच्या कडेने आत जातं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. ते केबिनमध्ये येऊ न देण्याचं काम ही शीट करते. घाईत ती फाडली किंवा अर्धवट चिकटवली की पहिल्याच मोठ्या पावसात पायाखालचं कार्पेट ओलं होतं आणि मग लोक दरवाजाच्या रबराला दोष देत बसतात.

स्विच असा निवडा की बंद करायला तो वर ओढावा लागेल. दाबून बंद होणाऱ्या स्विचवर लहान मुलाचा गुडघा टेकला तरी काच वर जाते, आणि स्वस्त किटमध्ये अडथळा लागल्यावर काच उलटी खाली येण्याची सोय सहसा नसते.

पक्कं जीएसटी बिल घ्या. बाहेरून बसवलेली इलेक्ट्रिक वस्तू विम्यात वेगळी नोंदवावी लागते. तिच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जादा हप्ता पडतो. नोंद नसेल तर अपघातात तिचे पैसे मिळत नाहीत. कंपनीची वायर कापली असेल, तर त्या भागाची वॉरंटीही नाकारली जाऊ शकते.

प्रश्न : पाच वर्षांच्या गाडीची पुढची डावी काच खाली पटकन येते, वर जाताना रडतखडत. परवा मधेच थांबली. गॅरेजवाला म्हणतो मोटर गेली, पूर्ण मशीन बदला. (घणसोली, नवी मुंबई)

उत्तर : खाली पटकन, वर हळू, हे लक्षण बहुतेक वेळा मोटरचं नसतं, काच ज्यातून सरकते त्या रबराच्या चॅनेलचं असतं. खाली येताना काचेचं वजन मदत करतं, वर जाताना ते आणि रबराचं घर्षण दोन्ही मोटरला ओढावं लागतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रकमागे रोज उडणारी धूळ आणि पावसाचं पाणी मिळून चॅनेलमध्ये चिखलाचा थर बसतो.

काच पूर्ण खाली घ्या. प्लास्टिकच्या फूटपट्टीला ओलं फडकं गुंडाळून दोन्ही बाजूंच्या चॅनेलमधून फिरवा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. वाळू द्या, मग सिलिकॉन स्प्रे मारा आणि इंजिन चालू ठेवून काच चार-पाच वेळा वर-खाली करा. इंजिन चालू असताना मोटरला चौदाच्या आसपास व्होल्ट मिळतात, बंद असताना साडेबाराच. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नका. रबर फुगतं आणि धूळ आणखी चिकटते. काच मधेच थांबली ती बहुधा मोटरमधल्या तापमानाच्या कटआउटमुळे. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा चालते.

एवढं करून फरक पडला नाही, तरच पुढे जा. स्विच दाबल्यावर मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, तर केबल तुटली आहे किंवा काच धरणारा प्लास्टिकचा तुकडा मोडला आहे. तेव्हा मशीन बदलणं योग्यच. आवाजच नाही, पण केबिनचा दिवा किंचित मंद होतो, तर करंट पोचतोय आणि मोटर अडकली आहे. दिवाही हलत नसेल तर आधी फ्यूज बघा, मग डाव्या दरवाजावरचा स्विच आणि ड्रायव्हरकडचा स्विच दोन्ही वापरून बघा. एकाने चालली तर दोष दुसऱ्या स्विचचा. ड्रायव्हरकडचं विंडो लॉकचं बटण चुकून दाबलेलं नाही ना, हेही बघा. त्यासाठी गॅरेज गाठणारे कमी नाहीत. स्विच दाबून धरून दरवाजा हळूहळू उघड-बंद करताना काच मधेच हलली, तर बिजागरीजवळची वायर तुटली आहे. तो वायरमनचा तासाभराचा विषय, मशीनचा नाही.

मोटर खरोखरच गेली असेल, तर ती एकटी मिळते का विचारा. बऱ्याच गाड्यांत ती तीन स्क्रूंवर असते. मात्र केबलच्या मशीनमध्ये मोटर सोडवताना ड्रमवरची केबल सुटते आणि ती परत गुंडाळणं किचकट असतं, म्हणून काही मेकॅनिक पूर्ण मशीनच सुचवतात. त्यात दर वेळी लबाडी नसते.

दरवाजा हलवल्यावर आत पाण्याचा छपछप आवाज येतो का? येत असेल तर खालची भोकं तुंबली आहेत. ती केबल टायने मोकळी करा. स्क्रूड्रायव्हर घातला की रंग निघतो आणि गंज धरतो.

भर पावसात काच खाली अडकली तर एकाने स्विच वर ओढून धरावा आणि दुसऱ्याने दोन्ही बाजूंनी तळवे लावून काच वर ढकलावी. मोटर गप्पच असेल, तर स्विच धरून पॅडच्या खालच्या भागावर मुठीने दोन-तीन ठोके द्या. मोटरमधले अडकलेले ब्रश (आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) कधीकधी सुटतात. या युक्तीने काच वर गेली की दुरुस्ती होईपर्यंत ती खाली घेऊ नका.

प्रश्न : वंदना टॉकीजजवळ दर पावसाळ्यात पाणी भरतं. गाडी पाण्यात अडकली तर हँडलच्या काचाच सुरक्षित ना? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : वाटतं तितका फरक नाही. पाणी चढू लागल्यावर पॉवर विंडो लगेच बंद पडत नाहीत. सुरुवातीची काही मिनिटं त्या सहसा चालतात. पाणी काचेच्या पातळीवर आलं, की बाहेरचा दाब काच चौकटीवर दाबून धरतो आणि मग मोटरही हरते, हातही. म्हणून पाणी दरवाजाच्या खालच्या कडेला लागताच काचा उघडा. सीटबेल्ट काढा, मुलांना आधी बाहेर काढा.

काच फोडायची वेळ आली तर बाजूची फोडा, पुढची नाही. पुढची लॅमिनेटेड असते, तडकते पण फुटून पडत नाही. बाजूची टफन्ड काच मध्यभागी नव्हे, कोपऱ्याजवळ टोकदार हातोडीने मारली की भुगा होते. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतात. काचेच्या कोपऱ्यातला छाप आजच वाचून ठेवा. हातोडी डिकीत नको, हाताशी हवी. काचेवर फिल्म असेल तर तुकडे तिला चिकटून राहतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ लाच अशा फिल्मवर बंदी घातली होती.

बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा स्टार्ट करू नका. इंजिनात पाणी शिरून रॉड वाकतो आणि इंजिन प्रोटेक्टचं (इंजिनाच्या नुकसानीचं) जादा कलम नसेल तर साधा विमा ते भरून देत नाही.

प्रश्न : सनरूफ पावसात गळेल का? (खारघर)

उत्तर : थोडं पाणी सनरूफच्या कडेने आत येणारच. ते चौकटीतल्या पन्हाळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून गाडीखाली पडतं. गळती होते ती नळ्या तुंबल्यावर. मे अखेरीस सनरूफ उघडून पन्हाळीतला पालापाचोळा पुसा आणि एकेका कोपऱ्यात पेलाभर पाणी हळू ओता. काही क्षणांत ते गाडीखाली दिसायला हवं. कॉम्प्रेसरची हवा मारू देऊ नका, नळी आतल्या जोडापाशी निसटते आणि पाणी छताच्या कापडात जातं. गाडी झाडाखाली उभी राहत असेल, तर आम्ही सनरूफचे पैसे वाचवून डिफॉगर आणि मागचा वायपर असलेला व्हेरियंट घेऊ.

प्रश्न : बॅटरी बदलल्यापासून एका दाबात वर जाणारी काच अर्ध्यातच परत खाली येते. (कोपरखैरणे)

उत्तर : बिघाड नाही. बॅटरी काढल्यावर काचेचा वरचा टोकाचा बिंदू काच चालवणारं मोड्यूल विसरतं. इंजिन चालू ठेवा, काच पूर्ण खाली घ्या, मग स्विच ओढून धरत वर न्या आणि वर पोचल्यावरही दोन-तीन सेकंद धरून ठेवा. थोडी वर जाऊन थांबत असेल तर स्विच पुन्हा पुन्हा ओढून टप्प्याटप्प्याने वर न्या. काही मॉडेलमध्ये क्रम थोडा वेगळा असतो, तो गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. हे करताना काचेत कोणाचाही हात नसावा. सेटिंग होईपर्यंत अडथळ्याला थांबण्याची सोय भरवशाची नसते.