"आई, ओवाळू नकोस ना"

"मॅडम, माझा मुलगा माझ्यापासून तुटत चाललाय का?" खुर्चीत बसता बसताच त्यांनी विचारलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बँकेत नोकरी, दर तीन-चार वर्षांनी बदली, एकुलता एक मुलगा. आठवड्यापूर्वी त्याला बारा वर्षं पूर्ण झाली होती. संध्याकाळी मित्र जमले, यांनी दरवर्षीसारखा पाट मांडला, तबक आणलं. मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, "आई, ओवाळू नकोस ना, प्लीज." त्यांनी तबक देवापुढे नेऊन ठेवलं आणि निरांजन तसंच जळत राहिलं. मित्र गेल्यावर त्या ओट्याशी उभ्या राहून खूप रडल्या.

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. कधी आई विचारते, कधी बाबा. वाढदिवस आला की जास्तच. कालपरवा तर बोरन्हाण घातलं होतं, आणि आज हा खोलीचं दार लावून घेतो!

मी त्यांना विचारलं, "त्याला सध्या काय आवडतं?" उत्तर लगेच आलं: डायनोसॉर, गुळाची पोळी, झोपताना गोष्ट. मग त्या मध्येच थांबल्या. "गोष्ट आता नाही ऐकत तो," त्या हळूच म्हणाल्या. "डायनोसॉरचंही बहुतेक जुनं झालं." आणि मग खरं दुखणं बाहेर आलं. तो पाच ते आठ वर्षांचा असताना त्या दुसऱ्या गावी होत्या, शनिवार-रविवारच घरी यायच्या. दाराच्या चौकटीवर त्याच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्यातही त्या वर्षांची जागा रिकामीच राहिली. "माझं मूल वाढलं आणि मी तिथे नव्हतेच, मॅडम."

ओवाळण्याचा राग त्या मुलावर नव्हताच. निसटून गेलेल्या त्या तीन वर्षांचं ते दुःख होतं. त्याला मी घाईने "तसं काही नसतं हो" म्हणत नाही. ते रडणं पूर्ण होऊ द्यावं लागतं.

पुढच्या वेळी मुलगा आला. ओठावर जेमतेम लव, मनगटं शर्टाच्या बाहीबाहेर आलेली. आईबद्दल तक्रार काही नव्हती. "ती रात्री पांघरूण घालते ते मला आवडतं," हे त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. मग म्हणाला, "पण वाढदिवसाला टीव्हीवर माझे लहानपणीचे व्हिडिओ लावतात. सगळे 'किती गोड होता' म्हणतात. होता! त्या बाळाचाच वाढदिवस असतो तो. माझा नसतो."

हे वाक्य ऐकून मीही गप्प झाले. आपण आईवडील किती प्रेमाने हे करतो, आणि समोर बसलेल्या मुलाला काय ऐकू जातं!

आईला मी वाढीचं गणित सांगितलं, कारण त्याने धीर येतो. पहिल्या वर्षात बाळ साधारण 25 सेंटिमीटर वाढतं, नंतर वेग मंदावतो आणि शाळेच्या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरवर येतो. मुलग्यांमध्ये वयात येण्याची सुरुवात सहसा नऊ ते चौदा या दरम्यान कधीही होते आणि उंची पुन्हा झपाट्याने वाढते. म्हणजे "एकदम मोठा झाला" हा निव्वळ भास नाही. त्याच वयात मित्रांसमोर कसं दिसतो याची लाज वाटू लागते, दार बंद हवं असतं. यात आईला नाकारणं नसतं.

काळजी कधी करायची, हेही सांगते. झोप-भूक बिघडली, मित्रही नकोसे झाले, आवडीचा खेळ सुटला, शाळेत जायला नको म्हणतो, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर थांबू नका, भेटा. या मुलाचं तसं काहीच नव्हतं. तो रोज क्रिकेट खेळून चिखलाने माखून घरी येत होता.

घरी करायला मी एवढंच दिलं: रोज पंधरा मिनिटं, अभ्यासाचा विषय न काढता, त्याला आवडेल त्या कामात त्याच्याबरोबर. ते दोघं रात्री त्याची बॅट पुसायला बसू लागले. पहिले चार दिवस तो फारसं बोललाच नाही. त्यांना वाटलं, हे काही जमणार नाही. पाचव्या दिवशी त्याने विचारलं, "आई, तू सहावीत कशी होतीस?"

या जूनमध्ये त्यांचा मोबाइलवर निरोप आला. औक्षण सकाळी साडेसहाला, आंघोळीनंतर, घरातल्या तिघांतच झालं. व्हिडिओ लावले नाहीत. चौकटीवर नवी खूण केली, आणि ती त्यांच्या कपाळाच्या वर गेली. केक मित्रांनी मैदानावर कापला, तिथे आईला बोलावणं नव्हतं. रात्री तो घरी आला तेव्हा पाण्याच्या बाटलीशेजारी एक डबा होता. झाकणाला क्रीम चिकटलेलं, आत चेपलेला एक तुकडा. "तुझा," म्हणाला आणि आंघोळीला गेला.