फळमाश्यांच्या लॅबला मेल टाकण्याआधी

अगं, काम मिळावं म्हणून पुण्यातल्या आयसरमध्ये (विज्ञान-संशोधन संस्थेत) उत्क्रांतीवर प्रयोग करणाऱ्या सुतीर्थ डे यांच्या गटाला लिहिणार आहेस ना, मग ‘मला उत्क्रांतीची फार आवड आहे’ हे वाक्य आधी खोड. सगळेच तेच लिहितात. त्यापेक्षा त्यांचा एक शोधनिबंध शेवटपर्यंत वाच आणि अडलेला एक प्रश्न विचार.

त्यांचा फळमाश्यांचा प्रयोग घे. माश्या एका डब्यात, पुढे लांब नळी, पलीकडे दुसरा डबा. नळीतून पलीकडे जाणाऱ्यांचीच अंडी पुढच्या पिढीसाठी घ्यायची (हीच ‘निवड’) आणि पिढ्यांगणिक नळी लांबवत न्यायची. आता विचार कर, असा वंश, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वेगळा वाढवलेला माश्यांचा समूह, एकच न ठेवता चार-चार का ठेवतात? एकाच वंशातला बदल निवडीमुळे झाला की निव्वळ योगायोगाने, हे सांगताच येत नाही. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्कींनी १९८८ मध्ये ई. कोलाय या जीवाणूचे १२ वंश सुरू केले, ते याचसाठी. हे डोक्यात बसलं की अर्धी मुलाखत झाली.

गटात जीवाणूंवर काम करणारेही आहेत, त्यांच्याशीही बोल. पीएचडीवाल्यांना गाठ, चहाला. खरी माहिती तिथेच मिळते.

आणि एक. माश्यांना रविवार नसतो. केळी-गुळाचं खाद्य शिजवायचं (वास केसांतून जात नाही, सांगून ठेवते), सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशने अंडी मोजायची. कुमारी (नराशी संग न झालेल्या) माद्या हव्या असतील तर कोषातून बाहेर पडल्यावर आठेक तासांत वेगळ्या काढायच्या, म्हणजे रात्रीचा गजर आलाच. माझी पहिली बॅच झोपेमुळेच वाया गेली. वसतिगृह जवळचं बघ.