आषाढीची महापूजा रेकॉर्ड करताना 16:9 चित्र कसं सांभाळायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे एचडी सेट-टॉप बॉक्स आहे. त्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी हार्ड डिस्कवाल्या डीव्हीडी रेकॉर्डरला लावल्या आहेत. सह्याद्रीवर पंढरपूरहून थेट दाखवतात ती आषाढीची महापूजा रात्री रेकॉर्ड करून सकाळी आईंना दाखवायची आहे. पण आत्तापर्यंत रेकॉर्ड केलेलं सगळं हॉलमधल्या रुंद टीव्हीवर चारही बाजूंनी काळ्या चौकटीत दिसतं. मग डिश बसवणाऱ्या मुलाने बॉक्सची सेटिंग बदलून दिली, तर आता आईंच्या खोलीतल्या जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर माणसं लांबोडकी दिसतात. तुम्ही विचारलंय, रेकॉर्डर बिघडला का.

रेकॉर्डर धड आहे, नवा घेऊ नका. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे आणि ते नीट समजून घेतलं तर हॉलमध्ये आणि आईंच्या खोलीत एकच डिस्क बरोबर दिसेल.

आपल्याकडच्या साध्या, म्हणजे एसडी, डिजिटल चित्राची चौकट 720 बाय 576 ठिपक्यांची असते. चित्र जुन्या 4:3 मापाचं असो की रुंद 16:9 चं, ठिपके तेवढेच. रुंद चित्र त्याच ठिपक्यांत आडवं दाबून बसवतात आणि सोबत एक खूण पाठवतात, की दाखवताना हे 16:9 ला पसरवा. याला अ‍ॅनामॉर्फिक म्हणतात. खूण पोचली तर चित्र बरोबर पसरतं. ती वाटेत हरवली तर माणसं उभट होतात. तुमच्या आईंच्या टीव्हीवर दिसलं ते हेच. चित्र शाबूत आहे, फक्त ते रुंद करायला कोणी सांगितलं नाही.

पहिली तक्रार मात्र जास्त गंभीर, कारण तिथे चित्राचंच नुकसान झालं. तेव्हा बॉक्स ‘4:3 लेटरबॉक्स’ वर असणार. त्या सेटिंगमध्ये बॉक्स रुंद चित्र बारीक करतो आणि वर-खाली काळ्या पट्ट्या भरून देतो. 576 ओळींपैकी खऱ्या चित्राला 432 उरतात, बाकी सगळा काळा रंग. रेकॉर्डर बिचारा तो काळा रंगही इमानाने डिस्कवर लिहितो. ती डिस्क हॉलमधल्या टीव्हीवर लावली की टीव्हीला वाटतं हे 4:3 चं चित्र आहे, म्हणून तो डाव्या-उजव्या बाजूला आणखी पट्ट्या घालतो. चारही बाजू काळ्या, आणि मधे पडद्याचा जेमतेम 56 टक्के भाग. टीव्हीचं झूम बटण दाबून ते मोठं करता येतं, पण 432 ओळीच मोठ्या होतात. गेलेल्या ओळी परत येत नाहीत.

म्हणून माझं ठाम सांगणं: रेकॉर्ड करताना बॉक्सला चित्राचा आकार ठरवू देऊ नका. बॉक्स कायम 16:9 वर ठेवा, पूर्ण 576 ओळी दाबलेल्या चित्रासकट घ्या, आणि पट्ट्या घालायच्या की पसरवायचं हे काम दाखवणाऱ्या यंत्रावर सोडा. त्या मुलाने केलेला बदल बरोबरच होता, तो उलटवू नका. पुढची अर्धी वाट तेवढी राहिली.

बॉक्समध्ये तिसरा पर्यायही असतो, ‘पॅन-स्कॅन’ किंवा ‘सेंटर कट’. त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यात पडदा पूर्ण भरतो म्हणून पाहणाऱ्याला बरं वाटतं, पण चित्राची डावी-उजवी बाजू प्रत्येकी रुंदीचा आठवा हिस्सा कापली जाते. शास्त्रीय मैफिलीत एका कडेला तबला, दुसऱ्या कडेला पेटी. नेमके तेच दोघे जातात. संगीत नाटकाच्या रेकॉर्डिंगमध्ये रंगमंचाच्या दोन टोकांना उभी असलेली पात्रं अर्धी दिसतात. आपल्या इंदूर शहरात नाटकाला आणि गाण्याला इतकं प्रेमाने जाणारे लोक आहेत, त्यांनी घरच्या संग्रहात साथीदार कापलेली मैफल ठेवावी हे मला खरंच सोसत नाही.

आता खूण हरवते कुठे. युरोपात बॉक्स आणि रेकॉर्डर स्कार्ट नावाच्या जाड केबलने जोडत. तिच्या आठ नंबरच्या पिनेवर विजेचा दाब बदलून ‘हे 16:9 आहे’ असं कळवलं जाई. आपल्याकडे आल्या त्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी, त्यांत अशी पिन नाही. दुसरी सोय म्हणजे चित्राच्या 23 व्या ओळीत सांकेतिक खूण भरायची. पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत तिला वाइडस्क्रीन सिग्नलिंग म्हणतात. ती पिवळ्या वायरीतूनही जाते, पण बॉक्सने ती भरली पाहिजे आणि रेकॉर्डरने वाचली पाहिजे. काही बॉक्स भरतात, काही भरत नाहीत. पाहायची युक्ती सांगतो: यूएसबी कॅप्चरच्या डबीने थोडं रेकॉर्ड करून संगणकावर न कापता पाहा. चित्राच्या अगदी वरच्या कडेला पांढऱ्या तुटक रेघा डावीकडे दिसल्या, तर बॉक्स खूण पाठवतोय.

खूण येत नसेल तर रेकॉर्डरला हाताने सांगा. सेटअपमध्ये रेकॉर्डिंगच्या पानावर आस्पेक्टचा, म्हणजे चित्राच्या मापाचा, पर्याय असतो: ऑटो, 4:3, 16:9. तिथे 16:9 करा, आणि हे रेकॉर्ड करायच्या आधी. डीव्हीडीच्या व्हिडिओ मोडमध्ये एका कार्यक्रमाला एकच माप लागतं. मधे जाहिरात 4:3 ची आली म्हणून माप बदलता येत नाही. कितीतरी रेकॉर्डर ऑटोवर असले की पहिल्या काही क्षणांत जे दिसेल तेच धरून बसतात.

इथे एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. डिस्कवर जास्त तास मावावेत म्हणून आपण एलपी किंवा ईपी मोड लावतो. त्या मोडमध्ये बरेच रेकॉर्डर आडवे ठिपके 720 वरून 352 वर आणतात, आणि डीव्हीडीच्या नियमांत 16:9 ची खूण फक्त पूर्ण रुंदीच्या चित्रालाच चालते. म्हणजे तुम्ही सेटिंग 16:9 केली तरी एलपीत रेकॉर्डर गुपचूप 4:3 लिहितो. लोक केबल बदलतात, बॉक्स बदलतात आणि कारण निघतं मोडमध्ये. एसपी, म्हणजे नेहमीचा मोड, ठेवा. 4.7 जीबीच्या डिस्कवर दोन तास मिळतात, महापूजेला ते भरपूर झाले. हार्ड डिस्कवर घेऊन मग डीव्हीडीवर काढणार असाल तर काढतानाही एसपीच, आणि शेवटी फायनलाइज करायला विसरू नका, नाहीतर आईंच्या साध्या प्लेअरला डिस्क ओळखू येणार नाही.

मग आईंच्या खोलीत काय करायचं? टीव्हीला हात लावू नका. डीव्हीडी प्लेअरच्या मेनूत ‘टीव्ही टाइप’ असतो, तिथे ‘4:3 लेटरबॉक्स’ निवडा. डिस्कवर 16:9 ची खूण असेल तर प्लेअर स्वतःच वर-खाली पट्ट्या घालून विठोबाला योग्य बांध्याचा दाखवेल. हॉलमधल्या प्लेअरला ‘16:9’ ठेवा. डिस्क तीच. पट्ट्या आता डिस्कवर नाहीत, त्या ज्याला हव्यात त्याच्यापुरत्या तयार होतात.

आधी घेतलेल्या उभट डिस्क टाकून देऊ नका. संगणकावर कॉपी करून आयएफओएडिट नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने डिस्कच्या माहितीफायलीतलं माप 4:3 चं 16:9 करता येतं. मूळ चित्राला धक्का लागत नाही, पुन्हा एन्कोड करावं, म्हणजे चित्र नव्याने दाबून लिहावं, लागत नाही. एकटी एमपेग-2 (डीव्हीडीत वापरतात त्या प्रकारची) फाइल असेल तर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रीम कॉपी, म्हणजे चित्र जसंच्या तसं, ठेवून एमपेग-2 मेटाडेटाचा फिल्टर लावला की तेच काम होतं. पट्ट्यांसकट घेतलेल्यांना मात्र इलाज नाही, त्या झूम करूनच पाहाव्या लागतील.

उलट बाजूही सांगतो, कारण ती चूक हल्ली जास्त दिसते. दूरदर्शनच्या जुन्या मैफिली 4:3 मध्येच चित्रित झालेल्या आहेत. त्या पुन्हा दाखवतात तेव्हा डाव्या-उजव्या बाजूला काळं असणं हेच बरोबर. पडदा भरावा म्हणून त्या ताणल्या तर गवई फुगलेले दिसतात आणि तानपुरा भोपळ्यापेक्षा रुंद होतो. रुंद टीव्हीवरही जुन्याला जुन्याच मापात राहू द्या.

व्हीएचएसबद्दल विचारणाऱ्यांसाठी: टेपवर आडवा तपशील साधारण 240 ओळींएवढाच उतरतो आणि दाबलेलं चित्र पसरल्यावर तो आणखी मऊ दिसतो. शिवाय टेपला मापाची खूण ठेवायला स्वतंत्र जागा नाही, म्हणून वेष्टनावर पेनाने ‘16:9’ लिहून ठेवणं हाच मार्ग. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिनेही 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. आता नवीन काही टेपवर घेऊ नये.

तुमच्याकडे फ्री टू एअर, म्हणजे फुकट चॅनेलांचा, बॉक्स असता आणि त्याला पेनड्राइव्ह लागत असता, तर मी तुम्हाला वायरींच्या वाटेला जाऊच दिलं नसतं. तो बॉक्स आकाशातून आलेला डिजिटल प्रवाह जसाच्या तसा फाइलमध्ये ठेवतो, मापाची खूण त्यातच असते. सेकंदाला 4 मेगाबिटचं चॅनेल धरलं तर तासाला 1.8 जीबी. पेनड्राइव्ह फॅट32 या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीला फाइल तुटते, म्हणजे दोन तासांच्या थोडं पुढे. बरेच बॉक्स पुढचा तुकडा आपोआप सुरू करतात. पैसे भरून घेतलेल्या चॅनेलांचं रेकॉर्डिंग मात्र कुलूपबंद असतं, त्याच बॉक्सवर चालतं. आणि एचडीएमआयमधून थेट घ्यायचा विचार असेल तर तिथे एचडीसीपीचं, म्हणजे कॉपी रोखणारं, संरक्षण आडवं येतं. घरच्या कामाला त्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही वायरी पुरतात. महाराणी रोडच्या बाजारात जाणारच असाल तर वायर थोडी जाड, चांगल्या आवरणाची घ्या, आणि बॉक्स व रेकॉर्डर दोघांनाही एस-व्हिडिओचं (चित्राच्या वेगळ्या वायरीचं) भोक असेल तर तीच घ्या, रंगीत कडांवर ठिपके पळायचे थांबतात.

कायद्याची काळजी कोणीतरी खाली विचारली आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 39 प्रमाणे स्वतःच्या खाजगी वापरासाठी प्रसारण रेकॉर्ड करणं हे प्रसारण हक्काचं उल्लंघन नाही. आईंना दाखवा, निर्धास्त. डिस्क वाटू नका, यूट्यूबवर चढवू नका.

राहिली रात्रीची गोष्ट, आणि तुमच्या बाबतीत तीच सगळ्यात नाजूक. महापूजा मध्यरात्रीनंतर, म्हणजे टायमर लावावा लागणार. 31 मार्च 2013 ला केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या 38 शहरांत, त्यात इंदूरही आलं, ॲनालॉग केबल बंद करायची मुदत होती. त्याच्या आधी रेकॉर्डर स्वतःच्या ट्यूनरने चॅनेल लावत असे. आता चॅनेल बॉक्स लावतो आणि रेकॉर्डर फक्त एव्ही इनपुटवर येईल ते घेतो. त्यामुळे टायमर दोन्हीकडे लागतो: रेकॉर्डरवर वेळ आणि इनपुट, बॉक्सवर त्याच वेळेचं सह्याद्रीचं रिमाइंडर. रिमाइंडरची सोय नसेल तर झोपण्याआधीच सह्याद्री लावून बॉक्स चालू ठेवा. मग बॉक्सच्या मेनूत ‘ऑटो स्टँडबाय’ शोधून बंद करा, कारण काही तास रिमोट दाबला नाही तर बॉक्स झोपतो आणि रेकॉर्डर रात्रभर काळा पडदा लिहीत बसतो. काही बॉक्स पहाटे स्वतःहून सॉफ्टवेअर अपडेट करतात, तेही त्या रात्रीपुरतं बंद करता आलं तर करा. पडद्यावर चॅनेलची पट्टी किंवा रिमाइंडरची खिडकी राहिली तर तीही रेकॉर्ड होते, म्हणून शेवटी एकदा ‘एक्झिट’ दाबा.

आषाढीला आपल्याकडे पाऊस असणारच. मुसळधार सरीत डिशचा सिग्नल पडतो आणि तेवढा भाग चौकोनी तुकड्यांत फुटतो, त्याला रेकॉर्डर काही करू शकत नाही. निदान आठवडाभर आधी बॉक्सच्या सिग्नलच्या पानावर आकडे बघा. कोरड्या दिवशीही गुणवत्ता काठावर असेल तर डिश नीट वळवून घ्या आणि एलएनबीच्या (डिशसमोरच्या सिग्नल घेणाऱ्या डबीच्या) जोडावर पाणी जात असेल तर तो जोड बदला.

आदल्या रात्री दहा मिनिटांची चाचणी घ्या, डिस्क काढा आणि दोन्ही टीव्हींवर लावून बघा. पडद्यावर घड्याळाची तबकडी किंवा एखादं गोल चिन्ह आलं तर ते अंड्यासारखं दिसतंय का, हे लगेच कळतं. माप चुकलं तर इथे बॉक्सचं आणि रेकॉर्डरचं मॉडेल आणि रेकॉर्डरच्या आस्पेक्टच्या पानावर जे शब्द दिसतात ते तसेच्या तसे लिहा, मी बघतो.