पावणेपाचचा गजर बंद कर

पत्र

(पत्र थोडं कापून दिलं आहे.)

ताई, मी चौतीस वर्षांची आहे. डोंबिवलीत राहते, ऑफिस फोर्टला. मुलगा दुसरीत, मुलगी चौदा महिन्यांची. दुसऱ्या बाळंतपणानंतर अंग पार ढिलं पडलंय, जिना चढताना धाप लागते, म्हणून पहाटे व्यायाम करायचं ठरवलं. पावणेपाचचा गजर लावते. मोबाईलवर चाळीस मिनिटांचा उड्यांचा व्हिडिओ आहे, तो करते. दोन दिवस जमतं, तिसऱ्या दिवशी उठवत नाही. झोपायला साडेअकरा होतात, त्यात मुलगी रात्री दोनदा उठते. उड्या मारताना कधीकधी कपड्यात लघवीचे थेंब होतात, तेही कुणाला सांगितलेलं नाही. जिमची वर्षाची फी भरून ठेवलीय, चार वेळा गेले असेन. सासरे रोज पाचला फिरायला जातात, ते म्हणतात, ठरवलं की होतं. सासूबाई म्हणतात, घरातली कामं हाच बाईचा व्यायाम. नवरा चांगला आहे, मदत करतो. मी आळशी आहे का? वजनाचं एक वेळ जाऊ दे, पण दिवसात माझं असं काहीतरी हवंय.

— एक दमलेली आई

उत्तर

अगं, तू आळशी नाहीस. आधी तुझ्याच पत्रातला हिशेब बघ. साडेअकरा ते पावणेपाच म्हणजे सव्वापाच तास. मुलगी दोनदा उठते, दर वेळी तिला घेऊन, पाजून, परत निजवून तुझा डोळा लागेपर्यंत अर्धा तास जातो असं धरलं, तर हातात राहतात सव्वाचार तास. मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात. सव्वाचार तास झोपलेलं शरीर तिसऱ्या दिवशी उठायला नकार देतं तेव्हा ते तुझं रक्षण करत असतं. व्यायामाने स्नायूंवर ताण पडतो, आणि ते भरून येतात विश्रांतीत, बऱ्याच अंशी झोपेतच. झोपच नसेल तर तू नुसता ताण देते आहेस. शिवाय अपुऱ्या झोपेने भूक वाढते, गोड आणि तळलेलं जास्त खावंसं वाटतं. चार वाजता ऑफिसात वडापाव मागवावासा वाटतो तो याच कारणाने.

म्हणून पहिलं काम: पावणेपाचचा गजर आजच काढून टाक. रोज तू साडेपाचला उठतेसच, कारण पाणी येतं आणि डबे करायचे असतात, हे तू पत्रात लिहिलंयस. व्यायाम त्या साडेपाचनंतरच्या वेळात बसवायचा. त्यासाठी झोपेतला वेळ तोडायचा नाही, तर सकाळच्या कामातली वीस-पंचवीस मिनिटं दुसऱ्या कुणीतरी उचलायची.

ते दुसरं कुणीतरी म्हणजे तुझा नवरा. तू लिहिलंयस, ‘मदत करतो’. मुलं दोघांची, डबे दोघांचे, ओटा दोघांचा, मग मदत कुणाला? त्याला दोष द्यायचा म्हणून मी हे म्हणत नाही, तो खरोखर चांगला असेल. पण केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात आपल्या देशात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं निघालं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास, पुरुषाचा दीड तासाच्या थोडं वर. मुलांना सांभाळणं यात नाही, ते वेगळं मोजलंय, आणि तिथेही बायकांचा वेळ जास्तच आहे. तुझे साडेअकरा कुठून होतात ते या आकड्यांत दिसतं. तू लिहिलेली रात्रीची यादी मी परत वाचली: जेवणं झाल्यावर भांडी आवरणं, ओटा पुसणं, सकाळची भाजी निवडून चिरून ठेवणं, कणीक मळणं, मुलाचं दप्तर भरणं, गणवेशाला इस्त्री, वहीवर कव्हर घालायचं राहिलंय ते आठवणं. या सगळ्याच्या शेवटी तू अंथरुणावर पडतेस आणि मग पंधरा मिनिटं मोबाईल बघतेस, कारण दिवसात तेवढाच वेळ तुझा असतो. ते मला कळतं.

तर बोल त्याच्याशी. भांडणाच्या वेळी नको, आणि रात्री अकरालाही नको. शनिवारी दुपारी मुलं झोपल्यावर बस. ‘तू काहीच करत नाहीस’ असं सुरू केलंस तर तो केलेली कामं मोजायला लागेल. त्यापेक्षा नेमकं माग: “सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी साडेपाच ते सहा स्वयंपाकघर तुझं. दूध तापवणं, चहा, पाणी भरणं आणि मुलाचा डबा. मुलगी उठली तरी तूच घ्यायचीस. आणि रोज रात्री जेवणानंतर ओटा आणि दप्तर तुझ्याकडे, म्हणजे मी पावणेअकराला पडेन.” एवढंच. आणि ते त्याच्याकडे दिलंस की देऊन टाक. डब्यात पोळीभाजीऐवजी पोळीला तूप-साखर लावून गुंडाळी आली, तर येऊ दे. मुलगा आनंदाने खाईल. दारातून ‘गॅस बारीक कर’ म्हणालीस की ते काम परत तुझ्याकडे आलं. हे जड जातं, मला माहीत आहे, पण यातच सगळं अडतं.

रात्रीच्या दोन उठण्यांचंही बघायला हवं. वर्षानंतर बहुतेक बाळांना पोट भरण्यासाठी रात्री दूध लागतंच असं नाही. बरीचशी सवय असते, जवळीक हवी असते. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचार, तिचं वजन नीट असेल तर त्यातली एक वेळ तिच्या बाबांनी खांद्यावर घेऊन, थोपटून काढता येईल. पहिले काही दिवस रडेल. त्या आठवड्यात व्यायामाचा विचारच करू नकोस.

आता जे कुणाला सांगितलं नाहीस त्याबद्दल. उड्या मारताना थेंब होणं हे बाळंतपणानंतर खूप बायकांना होतं. खूप जणींना होतं म्हणून ते सोसायचं मात्र नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात, ते ठरावीक व्यायामाने घट्ट होऊ शकतात. तो व्हिडिओ बंद कर. तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना भेट आणि या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवायला सांग. पोट मधोमध उभं फाकल्यासारखं वाटत असेल तर तेही दाखव. त्याच भेटीत रक्त तपासून घे: हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड. जिना चढताना धाप लागते हे तू सहज लिहून गेलीस, मी तिथेच थांबले. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइडही बिघडू शकतो. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी ते भरून काढू. लोहाच्या गोळ्या दिल्या तर चहाबरोबर घेऊ नकोस, चहामुळे लोह अंगी कमी लागतं. चहावरून आठवलं, संध्याकाळी सहाचा ऑफिसातला कडक चहा सोडता आला तर बघ. त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाही चार-पाच तास लागतात.

डॉक्टरांनी हो म्हटलं की आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं. चाळीस नकोत. आदल्या रात्री हॉलमध्ये सतरंजी टाकून ठेव, कपडे बाथरूममध्ये काढून ठेव, म्हणजे अंधारात कपाट उघडून कुरकुर होणार नाही. मोबाईलच्या गजराने मुलगी उठत असेल तर मनगटावर थरथरणारा पट्टा मिळतो, तो घे. उठल्यावर दिवा लाव, खिडकी उघड, पेलाभर पाणी पी. पहिली पंधरा-वीस मिनिटं डोकं जड राहणारच, त्या वेळी ‘आज नकोच’ असं वाटलं तर त्या वाटण्यावर विश्वास ठेवू नकोस.

उठल्या उठल्या कमरेतून वाकायचं नाही. रात्रभर आडवं झोपल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, सकाळी आपली उंचीदेखील सेंटिमीटरभर जास्त भरते. त्या वेळी खाली वाकून ताण दिला तर कंबर धरते. म्हणून उभ्याने सुरुवात कर. जागच्या जागी चाल, खांदे फिरव, भिंतीला हात टेकून दंड काढ. मग खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, दहा वेळा, थांबून परत दहा. सतरंजीवर पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर वर उचलायची. पाण्याच्या दोन भरलेल्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन कोपर मागे ओढायचे, पाठ सरळ होते, मूल कडेवर घेऊन घेऊन ती वाकलेली असते. मुलीला आधी पाजून घेतलंस तर छातीत जडपणा राहणार नाही. मध्यम व्यायामाने दूध कमी होत नाही, ती भीती काढून टाक.

सूर्यनमस्कार घालायचे असतील तर जरूर घाल. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी ते शाळाशाळांतून रुजवले, आपल्या मातीतला व्यायाम आहे आणि घरातल्या घरात होतो. पण ते सकाळी नको, संध्याकाळी किंवा रविवारी. आणि ओटीपोटाचे स्नायू सावरेपर्यंत उडी मारून पाय मागे नेऊ नकोस, एकेक पाय मागे घे.

मुलगी मधेच उठली आणि बाबा अंघोळीला गेलेत, असं होणार. तिला घे. सात मिनिटं झाली असतील तर सात झाली. आणि ज्या रात्री ताप, दात, पोटदुखी यांनी तुम्हाला जागवलं, त्या सकाळी व्यायाम नाही. तिथे मन मारून उठण्यात काही शौर्य नाही. सहा तासही झोप झाली नसेल तर गजर बंद करायचा आणि झोपायचं.

मग तीन वेळा वीस मिनिटांनी काय होणार, असं तू विचारशील. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. स्नायूंचं या सकाळींत झालं. उरलेल्यासाठी तुझा रोजचा रस्ता आहे. हुतात्मा चौकाजवळचं ऑफिस म्हणालीस, तिथून सीएसएमटी पंधरा मिनिटांच्या आत चालत येतं. संध्याकाळी टॅक्सी सोडून भरभर चाल, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. पाच दिवसांची तिथेच तासाभराहून जास्त चाल झाली. पूर्वी दहा मिनिटांपेक्षा कमी चाललेलं धरत नसत, २०२० मध्ये संघटनेने ती अटही काढली. डोंबिवलीला उतरल्यावर पुलाचा जिना, घरापर्यंतचा रस्ता, सगळं धरायचं.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. घरकामाने माणूस दमतो, हालचालही होते, पण वय वाढताना हाडं आणि स्नायू टिकवायला जो भार लागतो तो लादी पुसून मिळत नाही. त्यांना पटवत बसू नकोस. त्यांनाही खुर्चीवरून उठण्या-बसण्यात सामील करून घेता आलं तर बघ, त्यांच्या गुडघ्यांना उपयोग होईल. सासऱ्यांचं फिरणं चांगलं आहे, त्यात खंड पडू नये. पण ते साडेनऊला झोपतात, रात्री त्यांना कुणी उठवत नाही, आणि परत आल्यावर चहा तयार असतो. त्यांचं ठरवणं आणि तुझं ठरवणं एकाच मापाने मोजता येणार नाही.

शेवटचं वाक्य तू सगळ्यांच्या खाली लिहिलंस, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुला तुझं असं काहीतरी हवंय. मग त्या तीन सकाळी खरोखर तुझ्या असू देत. वजनकाट्यावर उभी राहू नकोस, निदान पहिले तीन महिने. एखाद्या बुधवारी हात-पाय हलवायची इच्छाच नसेल तर गॅलरीत जाऊन नुसती बस, पण तेवढ्यात भाजी फोडणीला टाकून येते असं करू नकोस. तो अर्धा तास घराने तुला दिलेला आहे, तो परत करायचा नाही.

आणि जिमची फी. उद्याच फोन करून विचार, बाळ लहान आहे म्हणून सदस्यत्व काही महिने थांबवून ठेवता येतं का. बऱ्याच ठिकाणी थांबवतात, मागावं लागतं. नाही म्हणाले तर रविवारी सकाळी एक तास जा, दोन्ही मुलं बाबांकडे ठेवून.

— ताई