सामाईक गॅलरीतला पिंजरा आणि शेजारचे मांजर

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या तुमच्या नव्या बिऱ्हाडी, सामाईक गॅलरीत, तुम्ही बजरीगरांचा (दुकानदार ज्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणतात) पिंजरा टांगणार आहात असे कळले, म्हणून लिहितो. उंचावर टांगले की मांजर पोचत नाही, हा समज सोडा. ते कपाटावरून झेप घेते, आणि धक्क्याने खालचा ट्रे निसटला तर दार बंद असूनही उपयोग होत नाही. पिंजरा भिंतीला पक्का करा, ट्रे तारेने बांधा आणि गजांमधले अंतर अर्ध्या इंचाहून अधिक ठेवू नका. बाहेरून चार बोटांवर बारीक जाळी लावल्यास पंजा आत पोचत नाही. ओरखडा किरकोळ दिसला तरी मांजराच्या तोंडातले पाश्चुरेला जिवाणू पक्ष्याला एक-दोन दिवसांत मारू शकतात. त्यामुळे रक्त दिसो न दिसो, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. मांजर नुसते समोर बसले तरी पक्षी रात्री घाबरून फडफडतात, तेव्हा माझ्या मते गॅलरीपेक्षा कडी लागणारी खोलीच बरी. मात्र वडोदऱ्यात मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो, म्हणून तिच्या खिडकीला जाळी बसवून हवा खेळती ठेवा. घरातल्या इतरांना दार ओढून घेण्याची विनंती आधीच करावी.