वय ३४, व्यायामाची सवय नाही. ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवरच्या पकडींचा, कुस्तीसारखा खेळ) शिकण्याआधी दम कमवावा लागेल का?

नाही, थेट वर्गाला जायला लागा; या खेळाला लागणारा दम मॅटवरच येतो. मी स्वतः तिशीनंतर सुरुवात केली. जिममध्ये तयार झालेली मुलंही पहिल्या महिन्यात दोन-तीन मिनिटांत धापा टाकताना पाहतो, कारण ती श्वास रोखून सगळी ताकद एकदम लावतात. सगळ्यात आधी टॅप करायला शिका: सांधा पिळला जातोय किंवा गळा आवळला जातोय असं वाटलं की जोडीदाराला हाताने दोनदा थोपटायचं, तो लगेच सोडतो. कळ येईपर्यंत थांबू नका, यात कसलाही कमीपणा नाही. कुस्ती बघत आला असाल तर एक समजूत सोडावी लागेल. तिथे पाठ टेकली की हार. इथे पाठीवर पडून पायांनी समोरच्याला अडवून धरणं, म्हणजे गार्ड, हा खेळाचा गाभाच आहे. म्हणून पहिले काही महिने डाव मारण्यापेक्षा खालून सुटायला शिका. आठवड्यातून दोन दिवस पुरेत. नखं कापलेली हवीत आणि गी (सरावाचा जाड सुती पोशाख) दर सरावानंतर धुतलेला, नाहीतर गजकर्ण हमखास पसरतो. कमरेच्या पट्ट्याचा रंग तुमची पातळी दाखवतो, पण त्याची घाई नको, पांढऱ्यावरून निळ्यावर जायला साधारण दीड-दोन वर्षं लागतात. फक्त मान, कंबर किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि प्रशिक्षकांनाही पहिल्याच दिवशी सांगा.